पावसाळाभर उभी असलेली फियाट किंवा अँबेसेडर पुन्हा सुरू करताना

पुण्यात जुन्या गाड्या जूनच्या पहिल्या पावसाला ताडपत्रीखाली जातात आणि खंडेनवमीला हार घालायच्या निमित्ताने बाहेर येतात. मधले चार महिने त्यांना कुणी हात लावलेला नसतो. मग सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ फिरतो, इंजिन एकदा-दोनदा ठसकतं, आता धरेल असं वाटतं. म्हणून परत किल्ली, परत चोक, परत ॲक्सिलरेटर. दहा मिनिटांत बॅटरी बसते, प्लग पेट्रोलने भिजतात, आणि मूळ बिघाड शोधणं आधीपेक्षा अवघड होऊन बसतं.

हे टाळता येतं, फक्त क्रम पाळायला हवा. आधी ऑइल, मग बॅटरी, मग करंट (म्हणजे प्लगला मिळणारी ठिणगी), मग पेट्रोल. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडायचा. नवीन माणूस नेमकं उलट करतो: गाडी धरत नाही म्हणजे 'कार्बोरेटरमध्ये कचरा' असं धरून चालतो, तो उघडतो, फ्लोटची पातळी बिघडवतो, गॅस्केट फाडतो, आणि खरा दोष असतो तिकडे पॉइंटवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडमिट होऊन ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांवर, डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या पातळ ऑक्साइडच्या थरात.

इथले आकडे पॉइंट आणि कार्बोरेटर असलेल्या गाड्यांचे आहेत. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे १०८९ सीसीची, जिला लोक आजही फियाटच म्हणतात, आणि १४८९ सीसीचं जुनं इंजिन असलेली अँबेसेडर. दोन्ही पुशरॉडची इंजिनं, दोन्हींचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, दोन्हींत एक नंबरचा सिलिंडर पंख्याच्या बाजूला. हेराल्ड किंवा मॉरिस मायनरला पद्धत हीच लागू आहे. गॅपचे आकडे मात्र त्या-त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या.

हाताशी काय हवं: मल्टिमीटर, फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या), प्लग पाना, बारीक पॉलिश पेपर, कार्ब क्लीनरचा स्प्रे, एक पारदर्शक काचेची बरणी, पेट्रोलसाठी बनवलेला झाकणाचा कॅन, आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी, घरीच होतो. पाच रुपयांच्या नाण्याएवढा हा बल्ब पुढे फार उपयोगी पडणार आहे. याशिवाय ड्राय पावडरचं अग्निशामक नळकांडं जवळ असल्याशिवाय पेट्रोलच्या कामाला हात घालू नका. आणि गाडी सोसायटीच्या तळघरात असेल तर ढकलून आधी उघड्यावर आणा. तळघरात पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते, आणि इंजिन सुरू झाल्यावर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो.

किल्लीला हात लावायच्या आधी

बॉनेट उघडून आधी उंदरांचा माग काढा. पुण्याच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीत उंदीर येणार हे गृहीतच धरायचं. एअर फिल्टरचं झाकण काढा, आत कापूस, कागद, शेंगांची टरफलं असतात. कॉइलकडे (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) जाणारी वायर, सेल्फची जाड केबल आणि प्लगच्या वायरी बोटाने चाचपून बघा. कुरतडलेली जागा बऱ्याचदा खालच्या बाजूला असते, वरून दिसत नाही. सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा.

मग डिपस्टिक. पातळी कमी आहे का हे सगळेच बघतात. पण उभ्या गाडीत पातळी वाढलेली असेल तर थांबा. इंजिनच्या अंगावर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा, ज्याला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात, आतला रबरी पडदा फाटला असेल तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येतो, ऑइल पाण्यासारखं पातळ वाटतं, तर आधी पडदा किंवा पंप बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, मगच पुढे जा. अशा ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात. ऑइल पांढरट, साबणासारखं दिसत असेल तर त्यात पाणी आहे. हेड गॅस्केट बघून घेतल्याशिवाय ते इंजिन फिरवू नये. एकूणच ऑइल वर्षभराहून जुनं असेल तर आताच बदला. या इंजिनांना २०डब्ल्यू-५० ग्रेड चालतो.

आता चारही प्लग काढा. वायरींवर चिकटपट्टी लावून नंबर लिहून ठेवा, कारण परत बसवताना इथेच गोंधळ होतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, साधारण ५ मिली, इंजिन ऑइल सोडा. गाडी चार-सहा महिने उभी असेल तर तासभर थांबलं तरी चालतं. वर्षाहून जास्त असेल तर रात्रभर राहू द्या. नंतर चौथा गियर टाकून गाडी हळूच पुढे ढकला, म्हणजे इंजिन हाताने फिरतं. ते सलग दोन पूर्ण फेरे न अडखळता फिरलं पाहिजे. प्लग काढलेले असल्याने जोर लागायला नको. एखाद्या जागी ठणकन अडलं तर जबरदस्ती करू नका. रिंगा गंजून धरल्या असतील किंवा एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकला असेल, आणि सेल्फचा झटका दिला तर पुशरॉड वाकते. सिलिंडरमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं पातळ ऑइल, भरून चार-पाच दिवस ठेवा आणि रोज थोडं मागेपुढे हलवून बघा.

इंजिन मोकळं फिरलं की न्यूट्रल करा, कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे कुठेही ठिणगी पडणार नाही, प्लगच्या भोकांवर जाड चिंधी टाका आणि सेल्फ मारा. दहा सेकंद मारायचा, मिनिटभर थांबायचं, परत दहा सेकंद. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हे करा, मग कॉइलची वायर परत जोडा. चार महिन्यांत बेअरिंगवरचं सगळं ऑइल निथळून गेलेलं असतं. प्लग नसताना दाब आणून घेतला तर पहिल्या स्फोटाच्या वेळी बेअरिंग कोरडी राहत नाहीत.

बॅटरी आणि अर्थ

सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक, हा समज बहुतेकांना फसवतो. सेल्फ रडतखडत फिरवायला पुरणारी बॅटरी ठिणगीला पुरेलच असं नाही, कारण सेल्फ करंट ओढत असताना कॉइलला उरलंसुरलं व्होल्टेज मिळतं.

रात्रभर निवांत राहिलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. आता सेल्फ मारताना दुसऱ्याला आकडा बघायला सांगा. ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी चार्ज करा, चार्ज करूनही घसरला तर बदला. चार्जिंग सावकाश हवं: ४० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ४ अँपिअरने दहा-बारा तास. घाईने जास्त करंट दिला तर प्लेटा तापतात आणि पाणी उडतं.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सेल्फ मारत असताना इंजिन धरत नाही, पण किल्ली सोडताक्षणी एकदा धरल्यासारखं करतं. याचा अर्थ सेल्फ थांबल्याबरोबर कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळालं आणि त्या क्षणी ठिणगी पडली. इथे पेट्रोलकडे बघायचीही गरज नाही. बॅटरी, केबल आणि अर्थ बघा.

अर्थकडे तर फार दुर्लक्ष होतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चासीपासून ते विजेच्या दृष्टीने सुटं असतं. त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली पट्टी गंजली की सेल्फचा करंट चोक केबल आणि ॲक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर दोष सापडलाच. पट्टीची दोन्ही टोकं सोडून पत्र्यापर्यंत घासा आणि घट्ट आवळा. सेल्फ मारताना बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत मल्टिमीटर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दाखवायला नको. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, वाळवा, मग वर व्हॅसलिन लावा.

दुसऱ्या गाडीवरून जंप देताना लाल केबल प्लसला प्लस जोडा, काळी चालू गाडीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असतो. १९५०-६० च्या दशकातल्या काही ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असतो, तिथे हा क्रम चालत नाही. आधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला गेलंय ते बघून घ्या.

धक्का मारून चालू करायचा मोह होतो. पण बॅटरी अगदीच मेली असेल तर धक्क्याने काही होत नाही: पॉइंटच्या गाडीत ठिणगीसाठी कॉइलला बॅटरीचाच करंट लागतो, आणि ढकलण्याच्या वेगाला डायनॅमो काही देत नाही.

करंट

चिमटीत धरायला प्लास्टिकच्या मुठीचा पक्कड घ्या. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डेल्कोच्या, टोपीतून कॉइलची मधली जाड वायर काढा आणि तिचं टोक इंजिनच्या धातूपासून साधारण ६ मिमीवर धरून सेल्फ मारायला सांगा. जवळपास उघडं पेट्रोल नको. निळी, जाड, टक-टक आवाज करणारी ठिणगी हवी. बारीक पिवळट-नारिंगी ठिणगी हवेत दिसते खरी, पण सिलिंडरमध्ये दाबाखाली ती पडत नाही. तेव्हा 'करंट येतोय' एवढ्यावर समाधान मानू नका, रंग बघा.

ठिणगी नाही किंवा अशक्त आहे, तर टेस्ट लॅम्प काढा. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या धातूला. किल्ली चालू करा आणि चौथ्या गियरमध्ये गाडी ढकलून इंजिन सावकाश फिरवा. पॉइंट उघडले की बल्ब लागतो, मिटले की विझतो. असं होत असेल तर बारीक वायरीचा सगळा भाग ठीक आहे, दोष कॉइलच्या आत, रोटरवर, टोपीत किंवा जाड वायरींत आहे. बल्ब सतत लागलेला राहिला तर पॉइंट मिटूनही करंट जात नाही, म्हणजे मळ, ऑक्साइड किंवा मिटतच नाहीत इतका गॅप. कधीच लागला नाही तर कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला बल्ब लावा. तिथेही नाही, तर फ्यूज, किल्लीचा स्विच किंवा उंदराने खाल्लेली वायर. तिथे लागतो पण इकडे नाही, तर पॉइंट कायम अर्थ होतायत: बहुतेक वेळा पॉइंट बसवताना फायबरचा वॉशर चुकीच्या जागी गेलेला असतो, किंवा कंडेन्सर शॉर्ट झालेला असतो. चाचणी झाली की किल्ली बंद करा. इंजिन बंद आणि किल्ली चालू अशी दहा-पंधरा मिनिटं गेली तर कॉइल तापून खराब होते.

पॉइंट साफ करायचे तर पॉलिश पेपरची बारीक पट्टी दुमडून, दोन्ही बाजूंनी खरखरीत ठेवून, पॉइंटच्या मधून चार-पाच वेळा ओढा. मग महत्त्वाचं काम: जाड कागदाच्या पट्टीवर थोडा कार्ब क्लीनर घेऊन ती मधून ओढा, ती काळी यायची थांबेपर्यंत नवीन पट्ट्या घ्या. पॉलिश पेपरची पूड आत राहिली तर घासूनही गाडी धरत नाही, आणि माणूस चक्रावून जातो. एका पॉइंटवर उंचवटा आणि समोरच्यावर खड्डा झाला असेल तर घासत बसू नका, सेट बदला आणि सोबत कंडेन्सरही बदला. कंडेन्सर गेला की पॉइंट असेच जळतात. चालू इंजिनात टोपीच्या फटीतून पॉइंटवर सारखी निळी चमक दिसते, ही त्याची खूण. चांगला कंडेन्सर साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो.

गॅप मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर असली पाहिजे, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडलेले. ल्युकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी, फियाटच्या मूळ डिस्ट्रिब्युटरला ०.४२ ते ०.४८ मिमी. आत नेमका कोणता बसवलाय ते गाडीगणिक वेगळं निघतं, कारण इतक्या वर्षांत मिस्त्रींनी मिळेल तो लावलेला असतो. मेकरचं नाव न सापडल्यास ०.४० वर ठेवा, गाडी सुरू होईल. गॅप कमी झाला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं, वाढला की पुढे जातं. म्हणून गॅप नीट लावल्याशिवाय टायमिंगला हात लावू नका, आणि डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करून अंदाजाने फिरवणं तर या टप्प्यावर मुळीच नको. जूनमध्ये गाडी चालत होती, म्हणजे टायमिंग ठीक होतं. कॅमवर मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस लावायला विसरू नका, नाहीतर टाच झिजून काही शे किलोमीटरमध्ये गॅप मिटतो आणि गाडी भर रस्त्यात थांबते.

पावसाळ्यानंतर टोपी आतून ओलसर असते. कोरड्या फडक्याने पुसून तासभर उन्हात ठेवा. आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे. ठिणगी प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळते. घासून ती जात नाही, टोपी बदलावी लागते. मधला कार्बनचा ब्रश स्प्रिंगवर आत-बाहेर होतो ना, तेही बघा. कॉइलची दोन बारीक टर्मिनलं ओह्ममीटरवर मोजली तर बॅलास्ट (कॉइलच्या वाटेत लावलेला वेगळा रेझिस्टर) नसलेल्या कॉइलला ३ ते ४ ओह्म येतात, बॅलास्टवाल्या कॉइलला साधारण दीड.

प्लगचा गॅप ०.६ ते ०.६५ मिमी. जुने प्लग घासून वापरण्यापेक्षा चारही नवे घ्या, उगाच शंका उरत नाही. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत पॉइंट, रोटर, कंडेन्सर, टोपी यांची चौकशी करताना जुना नग सोबत न्या, नुसतं 'फियाटचा पॉइंट द्या' म्हटलं तर भलताच हातात येतो. जुन्या बाजारात बुधवार-रविवारी सुटे भाग दिसतात, पण विजेचं सामान तिथून घेऊ नये. कंडेन्सर आणि कॉइल बाहेरून बघून कळत नाहीत.

पेट्रोल

गाडी फक्त दोन-तीन आठवडे उभी होती आणि एरवी चांगली चालते, तरी सकाळी वीस-तीस सेकंद सेल्फ खाते? हा बिघाडच नाही. कार्बोरेटरच्या वाटीला हवेचं भोक असतं. त्यातून वाटीतलं पेट्रोल उडून जातं, आणि पंपाच्या झडपांमधून नळीतलं पेट्रोलही हळूहळू टाकीकडे परत उतरतं. वाटी भरेपर्यंत सेल्फ मारणं म्हणजे बॅटरी जाळणं. पंपाला खाली हाताने हलवायची छोटी दांडी असेल तर ती वीसेक वेळा दाबा. दांडी हलकी लागायला लागली की वाटी भरली. दांडी मोकळीच हलत असेल तर पंपाचा कॅम उचललेल्या जागी थांबलाय, इंजिन एक फेरा फिरवा आणि परत दाबा. दांडीच नसेल तर कार्बोरेटरच्या झाकणावरच्या हवेच्या नळीतून ड्रॉपरने किंवा मोठ्या सिरिंजने २०-३० मिली ताजं पेट्रोल वाटीत सोडा. सेल्फ चालू असताना कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायची पद्धत काही जण वापरतात, ती करू नका. इंजिनने उलटा भडका मारला की आग थेट हातातल्या बाटलीपर्यंत येते.

चार महिने उभ्या गाडीचं मात्र टाकीतलं पेट्रोल आधी बघायचं. टाकीच्या तळाच्या नटातून किंवा पंपाकडे येणारी नळी काढून पावशेर पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. ताजं पेट्रोल फिकट असतं, वास झणझणीत येतो. शिळं पेट्रोल गडद होतं, वास आंबूस, रंगाच्या डब्यासारखा येतो. त्यातला पटकन पेट घेणारा भाग उडून गेलेला असतो, म्हणून थंड इंजिन त्यावर धरत नाही. बरणीत दोन थर दिसले तर प्रकरण वेगळं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. अर्धी रिकामी टाकी, पावसाळ्याची दमट हवा, चार महिने. मर्यादेपलीकडे पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि पंपाची नळी तळाजवळूनच ओढते. कार्बोरेटरला पोचतं ते जवळपास न पेटणारं पाणी. वरून ताजं पेट्रोल ओतून हे सुधारत नाही. टाकी पूर्ण रिकामी करा. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा मातीत सोडू नका.

टाकीचा भरवसा नसेल तर एक साधी युक्ती आहे. टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडा, तिथे पंपाला नवीन रबरी नळी जोडा आणि तिचं दुसरं टोक ताज्या पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडा. कॅन जमिनीवर ठेवा, बॉनेटवर टांगू नका. आता इंजिन सुरू झालं तर दोष टाकीत किंवा लांबच्या नळीत आहे, नाही झालं तर पंपात किंवा पुढे. पाच मिनिटांत अर्धी गाडी संशयातून मोकळी होते.

पंप तपासायला कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढा आणि सेल्फ मारा. इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना एक, अशी भरीव पिचकारी यायला हवी. पिचकारीत बुडबुडे असतील तर पंपाच्या अलीकडच्या नळीला कुठेतरी चीर आहे. ही चीर फसवी असते. त्या बाजूला पंप ओढत असतो, म्हणून पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. रबराच्या सगळ्या जुन्या नळ्या या निमित्ताने बदलाच. इथेनॉलमुळे जुनं रबर आधी फुगतं, मग भेगाळतं. नळीवर 'जे३०आर९' छापलेलं बघून घ्या, ते अस्तर इथेनॉलला टिकतं. पंपाचा पडदाही इथेनॉलला चालणारा मागा.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तरच कार्बोरेटर. आधी न उघडता: पेट्रोल वाटीत येतच नसेल किंवा सतत वाहत असेल तर फ्लोटची सुई चिकटलेली असते. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दोन-तीनदा हलकेच ठोका, बऱ्याचदा सुटते. मग एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून, ॲक्सिलरेटरची दांडी झटकन ओढा आणि तोंडात बघा. ॲक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची बारीक धार दिसते. धार दिसली म्हणजे वाटीत पेट्रोल आहे.

उघडावाच लागला तर सुटलेला प्रत्येक जेट कागदावर, जिथून काढला त्या जागेचं नाव लिहून ठेवा. वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा-तपकिरी चिकट थर सगळ्यात आधी आयडलच्या जेटमध्ये बसतो, कारण ते भोक सगळ्यात बारीक. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका. तार किंवा सुई घालू नका. जेट पितळेचा असतो, भोक जरा मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. वाटीच्या तळाशी पांढरी पूड दिसली तर ती पाण्याने खाल्लेल्या धातूची आहे, सगळी काढा.

चोक, आणि प्रत्यक्ष सुरू करणं

एअर फिल्टर काढून चोक ओढून बघा. तोंडावर पत्र्याची चकती बंद होते का? होत असेल तर साधा चोक आहे: पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटर एकदा-दोनदा दाबून सोडा, मग सेल्फ. चकतीच नसेल तर सोलेक्सच्या बऱ्याच कार्बोरेटरसारखी आत स्टार्टरची वेगळी वाट आहे. ती थ्रॉटलखालच्या ओढीवर चालते, आणि पाय दाबला की ओढ कमी होऊन जादा पेट्रोल थांबतं. म्हणून अशा गाडीत चोक पूर्ण ओढायचा आणि पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचाच नाही. 'कितीही ओढला तरी चोक काम करत नाही' ही तक्रार पुष्कळदा फक्त पाय दाबण्यामुळे असते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे दहाच्या आसपास येतो, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, दोन प्रयत्नांत मिनिटभर अंतर. तीन प्रयत्नांत धरलं नाही तर चौथा करू नका, एक प्लग काढून बघा:

- कोरडा आणि स्वच्छ: पेट्रोल पोचत नाही.
- पेट्रोलने ओला: ठिणगी नाही, किंवा जास्त पेट्रोल गेलंय. चोक आत ढकला, पाय पूर्ण दाबून धरून ठेवा, पंप करू नका, आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. नाही झालं तर प्लग पुसून पंधरा मिनिटं थांबा.
- काळा, कोरडी काजळी: आधीपासून मिश्रण जाड आहे, किंवा चोक अडकलेला राहतोय.
- ऑइलने माखलेला: आपण घातलेलं ऑइल आहे, पुसून परत लावा.

कार्बोरेटरमधून फटाके आणि सायलेन्सरमधून धडाका येत असेल तर प्लगच्या वायरी उलटसुलट झाल्यात. रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते डोळ्यांनी बघा आणि त्या दिशेने १-३-४-२ मोजा.

हँडलने फिरवायची सोय असेल तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती गुंडाळू नका, आणि खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो.

ठिणगी चांगली, पेट्रोल चांगलं, तरी धरत नाही, तर कॉम्प्रेशन गेज लावा. जुन्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात १२० पीएसआयच्या आसपास आकडे आणि चार सिलिंडरमध्ये फार फरक नसणं पुरेसं आहे. एखाद्यात अगदीच कमी आला तर चमचाभर ऑइल घालून परत मोजा: वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. टॅपेट कव्हर काढून सेल्फ मारला की कोणता रॉकर हलत नाही ते दिसतं.

सुरू झाल्यावर

ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर चोक मिनिट-दोन मिनिटांत हळूहळू आत ढकला. चोकवर चालत राहिलं की पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. पहिल्या पाच मिनिटांत पंप, नळ्या आणि कार्बोरेटरखाली हात फिरवून गळती बघा. पांढरा धूर थोडा वेळ येणारच, घातलेलं ऑइल आणि सायलेन्सरमधलं पाणी जळतंय. रेस थोडी वाढवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट आले पाहिजेत. डायनॅमोची गाडी आयडलला चार्ज करत नाही, लाल दिवा मंद लुकलुकला तरी घाबरू नका.

गेटबाहेर काढण्याआधी सोसायटीतल्या सोसायटीत ब्रेक चार वेळा लावून बघा. पावसाळ्यात ड्रम गंजतात, हँडब्रेक धरून बसतो, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. विमा आणि पीयूसीच्या तारखा बघा. पहिल्या दिवशी दिवे घाट किंवा कात्रजची चढण नको. सपाट रस्त्यावर, घराच्या आसपास अर्धा तास चालवा आणि परत आल्यावर ऑइल, पाणी, नळ्या पुन्हा तपासा.

पुढच्या जूनमध्ये

उभ्या गाडीचं इंजिन आठवड्यातून पाच मिनिटं सुरू करून ठेवण्याची सवय चांगल्या हेतूची असली तरी गाडीला मारक आहे. इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, आणि सेल्फने खाल्लेला करंट भरूनही निघत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडलेला बघून, अर्धा तास खरोखर चालवा. ते शक्य नसेल तर चार महिन्यांसाठी गाडी नीट झोपवा. टाकी काठोकाठ भरा म्हणजे ओलाव्याला जागा राहत नाही, त्यात फ्यूएल स्टॅबिलायझर घाला, आणि ते मिश्रण कार्बोरेटरपर्यंत पोचेल इतकं दहा मिनिटं इंजिन चालवा. मग पंपाकडे येणारी नळी सोडून तिचं तोंड बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटी रिकामी होते. बॅटरीचं टर्मिनल काढून बॅटरी घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. हँडब्रेक सोडा, चाकांना विटा लावा. ताडपत्री पत्र्याला चिकटू देऊ नका, खालून हवा खेळती ठेवा. सायलेन्सरचं तोंड जाळीने झाका. आणि त्या जाळीची आठवण म्हणून स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधा: जाळी काढा, नळी जोडा, पॉइंटचा गॅप किती ठेवलाय, ऑइल कधी बदललं.